चालण्याजोगी वस्ती आणि लठ्ठपणा

किराणा दुकान, शाळा, बसथांबा, दवाखाना घरापासून पायी गाठता येत असेल आणि वाटेत जिवाची धास्ती नसेल, तर ती वस्ती चालण्याजोगी म्हणतात. नगररचनाकार तिची मोजणी मुख्यतः तीन गोष्टींवरून करतात : घरांची दाटी, घरे-दुकाने-कचेऱ्यांची सरमिसळ आणि चौकांची संख्या. चौक जास्त असले की वळसे कमी पडतात. अमेरिकेत २००७ पासून ‘वॉक स्कोअर’ ही सेवा पत्त्यानुसार ० ते १०० गुण देते.

लठ्ठपणाशी असलेला संबंध प्रथम ठळक झाला तो पसरट, मोटारकेंद्री शहरांत. अटलांटा परिसरातील सुमारे ११ हजार लोकांच्या पाहणीत (२००४) मोटारीतला रोजचा एक तास वाढला की लठ्ठ असण्याची शक्यता ६ टक्क्यांनी जास्त, तर चालणे एका किलोमीटरने वाढले की सुमारे ५ टक्क्यांनी कमी आढळली. कॅनडातील दक्षिण ऑन्टारिओत २००१ ते २०१२ या काळात सर्वांत चालण्याजोग्या वस्त्यांमध्ये अतिवजनाचे व लठ्ठपणाचे प्रमाण जवळपास स्थिर राहिले. जिथे चालणे अवघड, तिथे ते वाढले. मात्र हा संबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. चालायची आवड असलेली माणसे घरही तशाच जागी बघतात, आणि अशा जागेचे भाडे सगळ्यांना परवडत नाही.

अमेरिकेच्या ग्रामीण भागात लठ्ठपणा शहरांपेक्षा जास्त आहे (२०१६ मध्ये सुमारे ३४ विरुद्ध २९ टक्के). दुकान मैलोगणती दूर असणे हे त्याचे एक कारण मानले जाते. वय, उत्पन्न व आहार यांचाही त्यात वाटा असतो.

भारतात चित्र उलटे दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) अतिवजन किंवा लठ्ठ स्त्रियांचे प्रमाण शहरांत ३३.२, तर खेड्यांत १९.७ टक्के होते. वरच्या मोजपट्टीवर पुण्याच्या पेठांना भरघोस गुण मिळतील, कारण दाटी, सरमिसळ आणि चौक तिथे मुबलक आहेत. फूटपाथवर चढवलेल्या दुचाक्या त्या हिशेबात येतच नाहीत. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ केले, ते याच उणिवेपायी.

खेड्याला ही मोजपट्टी लावणेच मुळात चुकीचे. तिथले चालणे शेत, पाणी आणि सरपणासाठी होते; ते कष्ट आहेत, सोय नव्हे. पाणंद रस्ता पक्का झाला, नळ दारात आला, दुचाकी घेतली की पायपीट सुटते, आणि ती सुटावी अशीच गावकऱ्यांची इच्छा असते. जगभरात १९८५ ते २०१७ या काळात प्रौढांच्या सरासरी शरीर-वस्तुमान निर्देशांकात (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप) जी वाढ झाली, तिच्यातला निम्म्याहून अधिक वाटा ग्रामीण भागाचा होता.