केसेल रन: बढाईतून आखला गेलेला मार्ग

'स्टार वॉर्स'च्या विश्वात अंतराळमार्गांना तोटा नाही. कोरेलियन रन, हायडियन वे, पर्लेमियन व्यापारी मार्ग हे तिथले राजमार्ग, दीर्घिकेच्या नकाशावर ठळक रेषांनी दाखवलेले. तरीही प्रेक्षकांच्या तोंडी बसला तो केसेल रन, म्हणजे तस्करांची आडवाट. या वाटेचा जन्मही उलट्या क्रमाने झाला. आधी तिच्याबद्दलची बढाई आली, नकाशा पुढची चाळीस वर्षं तयार होत राहिला.

मे १९७७ मध्ये पहिला चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात मॉस आयझ्लीच्या गुत्त्यात हान सोलो हा तस्कर दोन गिऱ्हाइकांसमोर आपल्या 'मिलेनियम फाल्कन'ची तारीफ करतो: या यानाने केसेल रन बारा पार्सेकच्या आत पार केला आहे. यान किती वेगवान आहे या प्रश्नाला दिलेलं हे उत्तर. अडचण अशी की पार्सेक हे वेळेचं माप नाही, अंतराचं आहे. एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं, सुमारे ३१ लाख कोटी किलोमीटर. बारा पार्सेक म्हणजे जवळपास ३९ प्रकाशवर्षं. सूर्यापासून एवढं अंतर मोजलं तर व्याध आणि अभिजित मागे पडतात आणि आपण स्वातीच्याही थोडे पुढे पोहोचतो.

खगोलशास्त्र जाणणाऱ्या प्रेक्षकांनी ही चूक लगेच पकडली आणि चित्रपटाचा लेखक-दिग्दर्शक जॉर्ज लुकासला पार्सेक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, असा समज पसरला. मला तो पटत नाही. पटकथेत याच संवादापुढे सूचना आहे की सोलो छाप पाडण्यासाठी उघड उघड चुकीची माहिती देतो आहे आणि त्यावर त्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक, म्हातारा बेन, याची प्रतिक्रिया दिसते. पडद्यावर बेन साकारणाऱ्या अ‍ॅलेक गिनेसच्या चेहऱ्यावर ती क्षणभरच उमटते. डोळ्यांत थोडा अविश्वास, पण तोंडातून शब्द नाही. दुसरा पुरावा कादंबरीचा. चित्रपटाच्या आधीच, १९७६ च्या अखेरीस, ती लुकासच्या नावाने बाजारात आली. प्रत्यक्षात लिहिली होती अ‍ॅलन डीन फॉस्टरने. तिथे पार्सेक नाहीतच, वेळेचं एक काल्पनिक माप आहे. म्हणजे या वाक्यातली गोम चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच कोणाच्या तरी लक्षात आली होती.

पुढे डीव्हीडीवरच्या समालोचनात लुकासने वेगळा खुलासा केला. हायपरस्पेसमधून, म्हणजे प्रकाशाहून वेगाने नेणाऱ्या त्या काल्पनिक अवकाशातून, जाताना वाटेतले तारे आणि ग्रह चुकवावे लागतात. त्यामुळे खरी कमाल इंजिनाची नसते, दिशादर्शक संगणकाची असते, आणि ज्याला सर्वांत आखूड वाट सापडते तो आधी पोहोचतो. हा खुलासा मागाहून सुचलेला असेल, पण या विश्वाच्या नियमांत तो चपखल बसतो. मोठ्या वस्तुमानाची छाया हायपरस्पेसमध्येही पडते आणि तिच्यात सापडलेलं यान बाहेर फेकलं जातं, हा तिथला मूलभूत नियम. म्हणून तर राजमार्गांना एवढी किंमत. कोणीतरी जीव धोक्यात घालून तपासलेली वाट सोडून भलतीकडे उडी मारायची नसते.

या वाटेच्या टोकाला असलेल्या केसेलबद्दल मूळ चित्रपटात जेमतेम एकच तपशील आहे: तिथे स्पाइस या अंमली मालाच्या खाणी आहेत आणि सी-थ्रीपीओ या यंत्रमानवाला तिथे पाठवलं जाण्याची भीती वाटते. बाकी सगळं इतरांनी भरलं. सर्वांत मोठी भर केव्हिन जे. अँडरसनची, १९९४ च्या त्याच्या 'जेडाय अकॅडमी' कादंबरीत्रयीतली. त्याच्या केसेलवर हवा इतकी विरळ आहे की ती कारखान्यांतून तयार करून सोडावी लागते. खाणींत मिळणारं ग्लिटरस्टिम हे अंमली द्रव्य तंतूंच्या रूपात असतं, ते कोळ्यासारखे भयंकर जीव विणतात आणि उजेड लागला की ते सक्रिय होतं. म्हणून मजूर ठार काळोखात, हातांनी चाचपडत ते गोळा करतात. ज्या मालासाठी तस्कर जिवावर उदार होतात त्याची किंमत कुठून येते, हे इथे पहिल्यांदा अंगावर येतं.

अँडरसनने केसेलच्या शेजारी 'द मॉ' हा कृष्णविवरांचा पुंजका ठेवला आणि बारा पार्सेकना भूगोल मिळाला. शहाणा वैमानिक या पुंजक्याला लांबून वळसा घालतो. जो विवरांच्या जितका जवळून जाईल, त्याची वाट तितकी आखूड. पण जवळ जायचं तर वेगही प्रचंड हवा, नाहीतर गुरुत्वाकर्षण यानाला ओढून घेणार. एका फटक्यात अंतर हेच वेगाचं आणि धाडसाचं माप ठरलं. १९९८ मध्ये ए. सी. क्रिस्पिनच्या 'रेबेल डॉन'मध्ये ती विक्रमी फेरी सविस्तर आली. मागे लागलेली साम्राज्याची यानं, फेकून द्यावा लागलेला माल आणि त्यापायी जब्बा या गुंडांच्या म्होरक्याचं डोक्यावर बसलेलं देणं, हे सगळं तिने एका धाग्यात ओवलं.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पाहिलं तर इतकी कृष्णविवरं दाटीवाटीने फार काळ नांदू शकत नाहीत. ती एकमेकांभोवती फिरत गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा गमावतील आणि विलीन होतील, नाहीतर त्यांतली काही दूर भिरकावली जातील. त्या कथांमध्येही हा पुंजका कोणीतरी कृत्रिमपणे रचला असावा असा संशय व्यक्त होतो. मला ही जोड फार आवडते, कारण अशक्य गोष्टीवर पांघरूण न घालता तिचंच कथानक केलं आहे.

२०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतली आणि २०१४ मध्ये हे सारं साहित्य 'लेजंड्स' म्हणून अधिकृत कथानकाबाहेर गेलं. केसेल रनची पाटी पुन्हा कोरी झाली. २०१५ च्या चित्रपटात रे ही नवी नायिका चुकून चौदा पार्सेक म्हणते आणि म्हातारा हान तिला लगेच दुरुस्त करतो, एवढाच उल्लेख.

मग २०१८ मध्ये 'सोलो'ने ती फेरी प्रत्यक्ष दाखवली. आता केसेलभोवती अकाडीज मेलस्ट्रॉम हे वादळी मेघांचं कडं आहे, त्यातून जाणारी सुरक्षित वाट वीस पार्सेकच्या घरातली, आणि ती साम्राज्याच्या युद्धनौकेने अडवलेली. यानात कोअ‍ॅक्सियम हे अस्थिर इंधन आहे, वेळेत शुद्ध केलं नाही तर त्याचा स्फोट होणार. हान वाट सोडून वादळात घुसतो. द मॉच्या तोंडाशी एक अजस्र प्राणी पाठलाग करतो, तेव्हा यानाच्या पुढच्या दोन सुळक्यांमधली बचावकुपी आमिष म्हणून सोडून दिली जाते. १९७७ पासून सगळ्यांच्या ओळखीची असलेली फाल्कनच्या नाकाडातली खाच अशी तयार झाली. शेवटी हान बारा पार्सेक म्हणतो तेव्हा त्याचा साथीदार च्युबाका हरकत घेतो, कारण आकडा खालच्या पूर्णांकात बसवलेला असतो.

थरार म्हणून हे उत्तम आहे, पण माझं मत जुन्या आवृत्तीच्या बाजूने पडतं. तिथे अंतर कमी होतं ते वैमानिकाच्या निवडीमुळे. इथे प्राणी आणि निसटण्यासाठी इंजिनात टाकलेला इंधनाचा एक थेंब बराचसा भाव खाऊन जातात. मात्र एका बाबतीत नवा चित्रपट सरस आहे. फाल्कनचा तेव्हाचा मालक लँडो, त्याची यंत्रमानव एल-थ्री केसेलवर कोसळते आणि तिच्या स्मृतीतला दीर्घिकेचा नकाशा फाल्कनच्या संगणकात उतरवला जातो. वाट सापडते ती त्यातून. लुकासने ज्या संगणकाला श्रेय दिलं होतं, त्याला असं व्यक्तिमत्त्व मिळालं. १९८० च्या चित्रपटात सी-थ्रीपीओ या यानाशी संवाद साधतो आणि त्याची बोली फारच विचित्र असल्याची तक्रार करतो. तेव्हा ती निव्वळ विनोदी ओळ होती. आता ती ऐकताना यानातून एल-थ्रीच बोलत असते.