कन्सोलमागची नोंद : मिडलवेअर सर्व्हरच्या व्यवस्थापनाची पार्श्वभूमी

हिंजवडी किंवा खराडीतल्या एखाद्या कार्यालयात पाळी बदलते, तेव्हा हँडओव्हर देणारा माणूस सर्व्हरबद्दल बोलत असला तरी सांगत असतो ते कन्सोलबद्दल, म्हणजे सर्व्हरचा कारभार चालवण्याच्या पडद्याबद्दल. ‘चारही रनिंग दाखवतोय, एका डेटासोर्सचा पूल भरत आलाय, लक्ष ठेव’ (म्हणजे डेटाबेसकडच्या जोडण्या संपत आल्यात) एवढ्यावर सूत्रे हातात येतात. ज्या यंत्राविषयी हे बोलणे चालते ते बहुतेकदा दुसऱ्या खंडात असते आणि पाळीतल्या कोणीही ते कधी पाहिलेले नसते. ब्राउझरमधल्या एका पानालाच सर्व्हर समजण्याची ही सवय कशी लागली, हे पाहायचे तर एकच प्रश्न धरून मागे जावे लागते : सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनची, म्हणजे त्याने कसे चालायचे ते ठरवणाऱ्या सेटिंग्जची, अस्सल नोंद कोणत्या काळी कुठे ठेवली जात होती आणि तिला हात लावण्याचा अधिकार कोणाला होता?

‘मिडलवेअर’, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि ॲप्लिकेशन यांच्या मधे काम करणारे सॉफ्टवेअर, हा शब्द १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या नाटोच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी परिषदेच्या अहवालात आढळतो. पुढच्याच वर्षी आयबीएमची सीआयसीएस ही व्यवहार-प्रणाली बाजारात आली. तिची देखरेख काळ्या पडद्याच्या टर्मिनलवरून आज्ञा देऊन होत असे आणि तो टर्मिनल संगणक विभागातच असल्याने अधिकाराचा प्रश्न बराचसा दाराच्या कुलपानेच सुटलेला होता. १९८३ मध्ये एटी अँड टीमध्ये जन्मलेल्या टक्सेडो या व्यवहार-प्रणालीमध्ये कॉन्फिगरेशन साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून एका आज्ञेने तिचे बायनरी (यंत्राने वाचायचे) रूप तयार केले जाई. लिहिलेली फाइल आणि चालू असलेली फाइल या दोन वेगळ्या गोष्टी असतात, ही जाणीव त्या पिढीला सक्तीनेच झाली होती, आणि पुढच्या गोंधळांकडे पाहता ती सक्ती वाईट नव्हती असेच म्हणावे लागते.

१९९५ मध्ये स्थापन झालेली वेबलॉजिक ही कंपनी १९९८ मध्ये बीईए या सॉफ्टवेअर कंपनीने विकत घेतली, त्याच वर्षी आयबीएमचे वेबस्फिअर आले आणि डिसेंबर १९९९ मध्ये जे२ईई या जावा मानकाची पहिली आवृत्ती निघाली. ॲप्लिकेशन सर्व्हर, म्हणजे व्यावसायिक ॲप्लिकेशन ज्यावर चालतात ते सॉफ्टवेअर, हा स्वतंत्र व्यवसाय झाला तो या दोन-तीन वर्षांत. व्यवस्थापनाच्या बाबतीत मात्र प्रत्येकाची वाट वेगळी होती. वेबलॉजिकच्या सुरुवातीच्या आवृत्त्या एका प्रॉपर्टीज फाइलवर चालत. त्यात एक ओळ चुकली तर सर्व्हर उठत नसे. वेबस्फिअरच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत कॉन्फिगरेशन डीबी२सारख्या डेटाबेसमध्ये ठेवले जाई आणि त्यासाठी जावामध्ये लिहिलेला स्वतंत्र कन्सोल यंत्रावर बसवावा लागे. म्हणजे ॲप्लिकेशन सर्व्हर सांभाळण्याआधी डेटाबेस सांभाळणे आले.

या दोन्ही वाटा जिथे एकत्र आल्या ते वळण या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे आहे. जावाच्या प्रमाणीकरण प्रक्रियेतील जेएसआर ३ या प्रस्तावातून जेएमएक्स हे व्यवस्थापनाचे मानक आकाराला आले. सर्व्हरमधला प्रत्येक व्यवस्थापनयोग्य घटक, मग तो कनेक्शन पूल असो, थ्रेडची (एका वेळी चालणाऱ्या कामांची) रांग असो वा एखादे डिप्लॉयमेंट (सर्व्हरवर चढवलेले ॲप्लिकेशन), ‘एमबीन’ या ठरावीक रूपात बाहेरून वाचता आणि बदलता येऊ लागला. त्यामुळे कन्सोल हा सर्व्हरचा अंतर्भाग न राहता एमबीनशी बोलणारा एक ग्राहक झाला. तेच काम स्क्रिप्टलाही करता येऊ लागले. वेबलॉजिकच्या सहाव्या आवृत्तीत डोमेन (एकत्र सांभाळायच्या सर्व्हरांचा गट), त्याचा कारभार पाहणारा ॲडमिन सर्व्हर, एक्सएमएल या खुणांच्या मजकुरातले कॉन्फिगरेशन आणि ब्राउझरमधला कन्सोल ही रचना आली. वेबस्फिअरने २००२ च्या पाचव्या आवृत्तीत डेटाबेस सोडून एक्सएमएल फाइलींचा आणि वेब कन्सोलचा मार्ग धरला.

पुण्यासारख्या शहराकडे हे काम येण्यात या बदलाचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे. जड कन्सोलचा पडदा दूरच्या मंद जोडणीवरून ओढणे जिकिरीचे होते. ब्राउझरचे पान मात्र कुठूनही उघडते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी रात्री अकराची चेंज विंडो (बदल करण्यासाठी राखलेली वेळ) पुण्यात ऋतूनुसार रविवारी सकाळी साडेआठ किंवा साडेनऊला येते, आणि हे गणित जमल्यावर रविवारच्या सकाळी कोणाच्या वाट्याला आल्या हे सांगायला नको.

अनेक माणसे एकाच कन्सोलवर आली की एकाचा बदल दुसऱ्याच्या बदलावर पडणारच. २००५ मधील वेबलॉजिकच्या नवव्या आवृत्तीने यावर ‘लॉक अँड एडिट’ हे बटण दिले. ते दाबेपर्यंत सारे रकाने फक्त वाचण्यापुरते असतात. दाबल्यावर बदल तात्पुरत्या जागी साठतात आणि ‘ॲक्टिव्हेट चेंजेस’ केल्यावरच सर्व्हरांकडे जातात. त्यातही काही बदल लगेच लागू होतात, काहींना रीस्टार्ट लागतो, आणि नवखा माणूस नेमका तिथेच फसतो. एखादा लॉक तसाच ठेवून घरी गेला तर पुढच्या पाळीतला प्रशासक तो ताब्यात घेऊ शकतो. पण आधीच्या माणसाचे अर्धवट बदलही त्याच्या गळ्यात पडतात. शिवाय हा लॉक वापरकर्त्याच्या नावावर असतो. सगळी टीम एकच लॉगिन वापरत असेल, आणि अशा टीम मी पाहिल्या आहेत, तर दोन ब्राउझरमधल्या दोन माणसांना कन्सोल एकच व्यक्ती समजतो आणि लॉकला अर्थच उरत नाही.

ॲडमिन सर्व्हर बंद पडला तर कन्सोल उघडत नाही. ॲप्लिकेशन चालवणारे मॅनेज्ड सर्व्हर मात्र आपापले काम करत राहतात आणि गरज पडल्यास स्वतःजवळच्या कॉन्फिगरेशनच्या प्रतीवरून पुन्हा उठतातही. तरीही ‘कन्सोल दिसत नाही’ या एका वाक्यावर पहाटे तीनला सर्वोच्च प्राधान्याचे टिकेट उघडलेले आणि वीसेक माणसे कॉलवर जमलेली मी अनुभवली आहेत. ग्राहकांचे व्यवहार त्या वेळी सुरळीत चालू होते.

सर्व सत्ता एका पानावर आल्याचा दुसरा परिणाम सुरक्षेवर झाला. २०१० मध्ये जेबॉस या ॲप्लिकेशन सर्व्हरच्या जेएमएक्स कन्सोलमधली त्रुटी उघड झाली : पासवर्डची अट वेबवरच्या गेट आणि पोस्ट या दोनच पद्धतींच्या विनंत्यांना लावलेली होती, त्यामुळे हेड पद्धतीची विनंती तशीच आत जाई. २०११ मध्ये याच वाटेने एक वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) पसरला. ऑक्टोबर २०२० मध्ये वेबलॉजिकच्या कन्सोलमधील सीव्हीई-२०२०-१४८८२ या क्रमांकाने नोंदलेली त्रुटी दुरुस्त झाली. पत्त्यातली अक्षरे दुहेरी सांकेतिक रूपात लिहून लॉगिन चुकवता येत होते, आणि तिची तीव्रता दहापैकी ९.८ ठरवली गेली होती. काही दिवसांतच हल्ले सुरू झाले आणि १ नोव्हेंबरला आणखी एक तातडीची दुरुस्ती द्यावी लागली.

दरम्यान नोंदीची जागा पुन्हा हलू लागली होती. २०१२ मध्ये आलेल्या वेबस्फिअर लिबर्टीत सारे कॉन्फिगरेशन पुन्हा एका वाचता येण्याजोग्या फाइलमध्ये आले. २०१३ मध्ये ॲप्लिकेशन ‘इमेज’ नावाच्या तयार साच्यात बांधणारे डॉकर आणि २०१४ मध्ये त्या साच्यांतून ॲप्लिकेशन चालवणारे कुबरनेटिस आल्यावर ती फाइल बदलांचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये ठेवण्याची पद्धत रुळली. २००८ पासून ओरॅकलकडे असलेल्या वेबलॉजिकच्या १४.१.२ या डिसेंबर २०२४ मधल्या आवृत्तीतून तर जुना वेब कन्सोल काढूनच टाकला गेला. त्याच्या जागी आलेला रिमोट कन्सोल डेस्कटॉपवर स्वतंत्रपणे बसवता येतो आणि रेस्ट या वेबच्या विनंत्यांवर चालणाऱ्या इंटरफेसमधून सर्व्हरशी बोलतो. वेबस्फिअरचा जड कन्सोल ज्यांनी वापरला आहे त्यांना यात ओळखीचे काही दिसेल. कुबरनेटिसवर डोमेन इमेजमधून उभे केले असेल, तर कन्सोलमधून केलेला बदल पॉड (कुबरनेटिसवर सर्व्हर चालण्याचे एकक) पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो, कारण नवा पॉड इमेजमधलेच कॉन्फिगरेशन घेऊन उठतो.