आवडतं गाणं लावलं की सर्जनचा हात सुधारतो?

आवडीच्या संगीतात सर्जन ऑपरेशन जास्त चांगलं करतात, हे अमेरिकेत सिद्ध झालंय, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. या दाव्याचं मूळ 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात १९९४ साली आलेल्या प्रयोगात आहे. पण त्यात ऑपरेशन नव्हतंच. ५० पुरुष सर्जनना प्रयोगशाळेत बसवून तोंडी वजाबाक्या करायला लावल्या होत्या. स्वतः निवडलेलं संगीत चालू असताना त्या जास्त वेगानं आणि अचूक झाल्या, शरीरावरचा ताणही कमी दिसला. शिवाय हे सगळे आधीपासूनच ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, संगीत ऐकणारे होते. एवढ्यावरून त्यांच्या टाक्यांबद्दल काय सांगणार?

आणि ओटीत सर्जन एकटा नसतो. रक्तातला ऑक्सिजन घसरू लागला की मॉनिटरच्या बीपचा सूर खाली येतो. भूलतज्ज्ञ स्क्रीनकडे पाठ असतानाही तो कानानं टिपतात. मोठ्या आवाजातल्या गाण्यात नेमका तोच हरवू शकतो. ब्रिटनमध्ये २० ऑपरेशनांचं चित्रीकरण तपासून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संगीत चालू असताना एकच मागणी पुन्हा करावी लागण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळलं. मागितलेली कात्री नर्सला पहिल्यांदा ऐकूच येत नाही, असा त्याचा अर्थ.

म्हणून संगीत बंदच करा, असं मी म्हणणार नाही. हळू आवाजात जरूर असावं, मात्र कुणीही 'बंद करा' म्हटलं की लगेच थांबावं, मग ती सगळ्यात नवी नर्स का असेना.