पेस्टन घराणे: भूदास कोण, माणूस की जमीन?

इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातल्या पेस्टन घराण्याची पंधराव्या शतकातली पत्रे बहुतेकांनी निदान उताऱ्यांतून वाचलेली असतात. त्या पत्रांतल्या सगळ्या भांडणांच्या मुळाशी एक प्रश्न आहे: हे लोक मॅनरचे धनी होते, की एके काळी कुणाच्या तरी मॅनरवरचे भूदास, म्हणजे धन्याला बांधलेली, स्वतंत्र नसलेली कुळे?

मॅनर म्हणजे वाडा नव्हे. खासगीतली जमीन, कुळांचा खंड, त्यांची वेठ आणि त्यांचे तंटे चालवणारी न्यायसभा, असा हा हक्कांचा गठ्ठा. तो विकत घेता येई. विल्यम पेस्टनने 1427 मध्ये ग्रेशमचा मॅनर कवी चॉसरच्या मुलाकडून, थॉमसकडून, असाच घेतला. दोनच वर्षांनी विल्यम न्यायाधीश झाला. तो 1444 मध्ये वारला आणि चार वर्षांत एका तरुण उमरावाने जुना वारसाहक्क पुढे करून ग्रेशम बळकावले. जानेवारी 1450 मध्ये त्याच्या माणसांनी तिथल्या घरावर हल्ला केला. विल्यमची सून मार्गारेट आत होती. ती ज्या खोलीत होती तिची भिंत खालून पोखरली आणि तिला उचलून बाहेर काढले. पेस्टनांच्या तक्रारअर्जात हल्लेखोरांचा आकडा 1000 आहे; अर्जातले आकडे जरा हात राखूनच घ्यावेत.

वंशावळीचा खरा गुंता मात्र ग्रेशममध्ये नाही, पेस्टन गावात आहे. घराण्याच्या शत्रूंनी लिहिलेले एक टिपण शिल्लक आहे. त्यात विल्यमचा बाप क्लेमेंट साधासुधा शेतकरी म्हणून येतो. तो खोगिराविना घोड्यावर, धान्य बुडाखाली घेऊन गिरणीला जाई आणि पीठ तसेच घरी आणी. जमीन 100 ते 120 एकर, तीही बरीचशी भूदासकीची. बायको भूदासाच्या घरातली. मुलाला शाळेत घालायला त्याने पैसे उसने काढले.

इथेच शब्द पाय अडकवतो. भूदासकीची जमीन कसणारा प्रत्येक जण भूदास नसे. चौदाव्या शतकातल्या प्लेगनंतर अशा पुष्कळ जमिनी स्वतंत्र माणसांच्या हातात गेल्या होत्या. हा दर्जा त्या जमिनीला चिकटलेला होता, ती कसणाऱ्या माणसाला नव्हे. टिपणाचा सगळा डंख या दोन गोष्टी एकत्र कालवण्यात आहे. बायकोबद्दलचे विधान मात्र त्याने खोडले जात नाही, हेही मान्य करायला हवे. कायद्याने भूदासाची मालमत्ता त्याच्या धन्याची. म्हणजे क्लेमेंट भूदास ठरला असता, तर ग्रेशम गेले असते आणि एका धनाढ्य सरदाराच्या मृत्युपत्रावरून दावा सांगितलेला केस्टरचा किल्लाही.

1466 च्या उन्हाळ्यात राजाने निर्वाळा दिला: 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले तेव्हापासून हे कुलीन घराणे आहे. पुरावा कोणता? गावात आपली न्यायसभा होती आणि आपल्यालाच अनेक भूदास होते, असे दाखवणारी न्यायसभेची दफ्तरे. फ्रान्सहून आलेला एक मूळपुरुषही त्यांनी पुढे केला. माझ्या मते हा निर्वाळा राजकीय होता, वंशावळीचा पुरावा म्हणून तो टिकत नाही. विरोधी टिपणातली धान्याखालची घोड्याची ती उघडी पाठ मला अधिक खरी वाटते, कारण एवढा बारीक तपशील बदनामीसाठी मुद्दाम रचावा लागत नाही. आणि त्यात कमीपणा काय? कर्ज काढून मुलाला शिकवणारा बाप कुठल्याही काल्पनिक सरदारापेक्षा चांगला पूर्वज आहे.

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. 1469 मध्ये ड्यूक ऑफ नॉरफोकने वेढा घालून केस्टर घेतले. तो वारल्यावर 1476 मध्ये ते परत मिळाले. एका वंशजाने 1581 मध्ये पेस्टनला बांधलेले गवती छपराचे प्रचंड कोठार आजही उभे आहे. त्यानेच 1606 मध्ये नॉर्थ वॉलशमला शाळा काढली. पुढे प्रसिद्ध नौसेनानी झालेला नेल्सन काही काळ तिथे शिकला. 1679 मध्ये घराण्याला अर्ल हे उमरावपद मिळाले आणि 1732 मध्ये दुसऱ्या अर्लबरोबर ते पद संपले. पेस्टन गावची जमीन अ‍ॅडमिरल अ‍ॅन्सनकडे गेली. पत्रे 1787 पासून छापली जाऊ लागली, तेव्हा त्यांतल्या हक्कांवर दावा सांगणारे या घराण्याचे कोणी अर्ल उरले नव्हते. मॅनरच्या दफ्तरावर चालणारी कूळवहिवाट तर 1926 च्या पहिल्या दिवशी कायद्यानेच संपली.