फायरिंगचा कान आणि नसेची गाठ : सैनिकांच्या एमआरआयचा वाद कुठून आला

सैनिक टाकळीपासून गडहिंग्लज-चंदगडपर्यंत कोणत्याही गावात निवृत्त जवानाला कानाबद्दल विचारा, उत्तर ठरलेले असते : "फायरिंगनं नस सुकली." दोन्ही कान सारखेच मंदावले असतील तर एवढ्यावर भागते. एकच कान जास्त गेला असेल, तर मात्र कानामागच्या नसेवर गाठ तर नाही ना हे पाहायला एमआरआय काढायचा की नाही, हा प्रश्न उभा राहतो. त्यातला निम्मा गोंधळ या 'नस' शब्दाचा आहे.

आपण कानाच्या आतला प्रत्येक बिघाड 'नसेचा बहिरेपणा' म्हणतो. डॉक्टरी परिभाषाही फारशी वेगळी नाही. आतला कान आणि त्यामागची नस, दोन्हींचे बिघाड ती एकाच नावाखाली घालते. बंदुकीचा आवाज मात्र आधी मारतो तो शंखाच्या आकाराच्या आतल्या कानातील नाजूक केसपेशींना. स्कॅनमध्ये जी गाठ शोधायची असते ती त्याच्याही मागे, मेंदूकडे जाणाऱ्या हाडाच्या नळीत, खुद्द नसेवर असते. ही गाठ कर्करोगाची नसते. वाढलीच तर बहुधा वर्षाला एक-दोन मिलिमीटरने वाढते. शिवाय ती ऐकण्याच्या नसेची नसतेच. तोल सांभाळणाऱ्या शेजारच्या नसेच्या आवरणातून ती उगवते आणि ऐकण्याची नस दाबते. 'अकूस्टिक न्यूरोमा', म्हणजे ऐकण्याच्या नसेतली गाठ, हे जुने नाव म्हणूनच दोन्ही अंगांनी चुकीचे होते. १९९१ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांच्या बैठकीने 'व्हेस्टिब्युलर श्वानोमा' हे नाव सुचवले, तरी जुने नाव तोंडातून गेलेले नाही. परिणाम असा, की 'नस कमजोर आहे' हे वाक्य आवाजाने कान गेलेला आणि गाठ असलेला, दोघांनाही ऐकवले जाते आणि दोघेही तेवढ्यावर घरी परततात.

आवाजाने कान जातो हे एकोणिसाव्या शतकात बॉयलर ठोकणाऱ्या कामगारांमुळे नोंदले गेले होते. दुसऱ्या महायुद्धातून बहिरे होऊन परतलेल्या सैनिकांमुळे श्रवणशास्त्र ही स्वतंत्र शाखा उभी राहिली. ऑडिओग्रामवर, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीचा (किती उंच स्वराचा) आवाज किती ऐकू येतो या आलेखावर, ४००० हर्ट्झच्या आसपास पडणारी खाच ही आवाजाची खूण ठरली.

रायफल दोन्ही कानांना सारखे मारत नाही. उजव्या खांद्याला दस्ता लावून गाल टेकवला, की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा डावा कान जास्त जाणे म्हणूनच अपेक्षित असते.

गाठ शोधण्याची साधने बराच काळ तोकडी होती. आधी एक्स-रेमध्ये हाडाची नळी रुंदावली आहे का ते पाहत. १९७० च्या दशकात आवाजाला नस आणि मेंदू देतात तो विद्युत प्रतिसाद मोजणारी बेरा चाचणी आली, पण एक सेंटीमीटरपेक्षा लहान गाठी तिच्यातून निसटत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इंजेक्शन देऊन केलेल्या एमआरआयमध्ये काही मिलिमीटरची गाठही दिसू लागली. पुढे इंजेक्शनाशिवायही पुरेसे स्पष्ट चित्र मिळू लागले. मग वाद 'दिसेल का' यावरून 'कोणाचा काढायचा' यावर आला.

ब्रिटनमध्ये एमआरआयसाठी आधी लगतच्या दोन फ्रिक्वेन्सींवर दोन कानांतला २० डेसिबलचा फरक धरत. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो १५ वर आणला. ५००, १०००, २०००, ४००० आणि ८००० यांपैकी लगतच्या कोणत्याही दोन ठिकाणी एवढा फरक असेल तर एमआरआयचा विचार करावा, असे त्या सांगतात. २००९ मध्ये आणखी एक सुटसुटीत नियम पुढे आला होता : फक्त ३००० वर १५ डेसिबल. सैनिकांसाठी तो नेमका अडचणीचा आहे, कारण रायफलचा मारही ३००० ते ६००० याच पट्ट्यात बसतो. 'लगतच्या दोन' ही अट त्या मानाने शहाणपणाची. नुसती ४००० ची खाच तिच्यात अडकत नाही. मात्र वर्षानुवर्षे फायरिंग झालेल्या कानात खाच रुंदावते आणि ती अटही पुरी होते.

इथून सैनिकांना सवलत द्यावी का, हा खरा तंटा. एक बाजू म्हणते, कारण समोर आहे, शंभर स्कॅनमध्ये मोजक्याच गाठी निघतात, मग मशीन का अडवायचे? दुसरी म्हणते, बंदूक चालवली म्हणून गाठ होत नाही असे थोडेच आहे? डावा कान, ४००० ची खाच, ८००० वर पुन्हा सावरलेला आलेख आणि दुसरी तक्रार नाही, तर काही महिन्यांनी पुन्हा ऑडिओग्राम काढणे मला पटते. गाठ असलीच तरी बहुतेकदा ती तेवढा वेळ देते. पण उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा उजवा कान गेला, खालच्या फ्रिक्वेन्सीही पडल्या, एकाच कानात सतत गुणगुण आहे, तोल जातो, चेहरा बधिर वाटतो किंवा शब्द ओळखणे आलेखाच्या मानाने फारच घसरले आहे, तर फायरिंगचे कारण पुढे करून थांबू नये. कान एकाएकी गेला असेल तर तातडीने त्याच दिवशी दाखवावे.

जुना आलेख हाती असता तर निम्मे वाद मिटले असते. पण भरतीच्या निकषात कान बघतात तो ६१० सेंटीमीटरवरून केलेल्या कुजबुजीने. त्यातून पास-नापास कळते, कोणती फ्रिक्वेन्सी किती होती हे कळत नाही. पुढे अपंगत्व पेन्शनसाठी दोष सेवेमुळे आला किंवा सेवेत वाढला हे ठरावे लागते, त्यामुळे 'फायरिंगमुळे' हा शेरा जवानालाही हवासा असतो. तो मिळाला की पुढची तपासणी कोण मागणार?

स्कॅन ठरलाच तर अंगात तोफगोळ्याची किंवा सुरुंगाची किरच राहिली आहे का, हे आधी सांगावे लागते. डोळ्याजवळ धातूचा कण असल्याची शंका असेल तर आधी एक्स-रे होतो, कारण एमआरआयच्या चुंबकाने तो हलला तर डोळा जाऊ शकतो. एमआरआय करता येत नसेल तर बेरा आणि सीटी स्कॅन ही जुनी साधनेच पुन्हा कामाला येतात.