घरातलं मांजर हरवलं तर आधी जवळ शोधा
फ्लॅटमध्ये मांजर पाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

कायम घरात राहिलेलं मांजर उघड्या दारातून सटकलं, तरी सहसा लांब जात नाही. पहिला आडोसा दिसला की तिथे अंग चोरून बसतं, बहुतेक वेळा तुमच्याच इमारतीत किंवा शेजारच्या आवारात. भीतीने ते मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही. म्हणून ‘सगळीकडे हाका मारल्या, इथे नाहीच’ यावर विसंबू नका. लोक पहिल्याच दिवशी दोन किलोमीटरवर पोस्टर लावत हिंडतात आणि जिन्याखालची अडगळ बघायची राहते.

आधी घर पालथं घाला. पलंगाचा बॉक्स, माळा, वॉशिंग मशीनचा ड्रम, फ्रिजची मागची बाजू. सोफा उलटा करून खालचं कापड फाटलंय का ते बघा, मांजर तिथून आत शिरतं.

खिडकीतून किंवा गॅलरीतून पडल्याची शंका असेल, तर थेट त्या रेषेत खाली जा. खालचे छज्जे, डक्ट, पोडियम, कुंड्यांमागची जागा बघा. चालताना ठीक दिसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उंचावरून पडलेल्या मांजराचा जबडा मोडलेला किंवा टाळू फाटलेला असू शकतो, छातीत हवा साठलेली असू शकते, आणि हे बाहेरून कळत नाही. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल तर एक मिनिटही थांबू नका.

रात्रीचा शोध

दिवसभर दडून बसलेलं मांजर वर्दळ थांबल्यावर हलतं. रात्री १ ते ४ ही वेळ सगळ्यात चांगली. चांगला टॉर्च घ्या आणि तो कमरेशी न धरता डोळ्यांच्या बाजूला धरा. मांजराच्या डोळ्यावर पडलेला उजेड आला त्याच दिशेने परत जातो, म्हणून टॉर्च खाली असला की ती हिरवट चमक तुम्हाला दिसतच नाही. गाड्यांखाली, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे, पाण्याच्या टाकीच्या फटीत वाकून बघा.

पंपरूम, मीटर रूम, लिफ्टची मशीन रूम, गच्ची आणि काम चालू असलेले फ्लॅट उघडून घ्या. ‘बघितलं, काही नाही’ असं वॉचमनकाका सांगतील, तरी स्वतः आत जा. सोसायटीच्या ग्रुपवर एकच विनंती टाका: सकाळी गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा माराव्यात. ऊब असते म्हणून मांजरं इंजिनात शिरतात.

दिसलं की झडप घालू नका. कडेला बसा, नजर दुसरीकडे ठेवा, हळू आवाजात बोला, खाणं पुढे सरकवा. तुमच्याही हातातून निसटलं तर दुसऱ्यांदा ते आणखी अवघड जागी जातं.

पिंजरा लावताना

हाताला येत नसेल तर आत पाय पडताच दार पडणारा जाळीचा पिंजरा लावावा. पाय पडला की दार पाडणारी पट्टी आत असते, खाणं तिच्या पलीकडे, अगदी टोकाला हवं. अलीकडे ठेवलं तर मांजर खाऊन निघून जातं. बांगडा किंवा भाजलेली सुकट चालते, वास लांब जातो. आपल्याकडे खरी अडचण मुंग्यांची. वाटीला मुंग्या लागल्या की मांजर वास घेऊन मागे फिरतं, म्हणून वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवा. दर तासा-दोन तासांनी बघून या. सापडल्यावर पिंजऱ्यावर चादर टाका आणि खोलीचं दार-खिडक्या बंद केल्यावरच पिंजरा उघडा.

वापरलेला लिटर (शी-शूच्या ट्रेमधली माती) बाहेर ठेवावा असा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्या मते नको. त्या वासाने गल्लीतले बोके येतात आणि तुमचं मांजर आणखी आत दडतं.

कुत्र्याचं गणित वेगळं

फटाक्यांना घाबरलेला कुत्रा सरळ पळत सुटतो, म्हणून इथे मात्र पहिल्या तासातच लांबवर विचारायला लागा. चहाच्या टपऱ्या, दूधवाले, कचरावेचक ताई आणि भटक्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणारी मंडळी यांना नवीन कुत्रा लगेच लक्षात येतो. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागालाही फोन करून वर्णन नोंदवा. मागे धावू नका, पाठलाग वाटला की तो आणखी पळतो.

पोस्टर आणि फसवणूक

लांबून वाचता येईल असं एकच वाक्य, मोठा फोटो, एक नंबर. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटाचं तोंड खाली ठेवा. सार्वजनिक भिंती आणि खांब टाळा: महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे. किराणा दुकान आणि सोसायटीचा बोर्ड पुरतो, तिथेच लोक थांबून वाचतात. बक्षिसाची रक्कम लिहू नका, नाहीतर पोरं मांजर धरायला धावतात. अंगावरची एक खूण मुद्दाम पोस्टरवर देऊ नका. ‘सापडलंय, आधी पैसे पाठवा’ असा फोन आला तर ती खूण विचारा आणि आत्ताचा व्हिडिओ मागा.

चिपबद्दल

मायक्रोचिप तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी असते आणि खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवतात. तिच्यात बॅटरी नाही, त्यामुळे मांजर कुठे आहे ते ती सांगत नाही. रीडर (चिप वाचणारं यंत्र) अगदी जवळ नेला की फक्त १५ अंकी क्रमांक दिसतो. तो कुठे नोंदवलाय आणि नोंदीतला फोन नंबर चालू आहे का, यावर सगळं अवलंबून. मोबाईल नंबर बदलला की नोंद बदला. चिप कधी कधी खांद्यावरून पायाकडे सरकते, म्हणून तपासताना दोन्ही बाजूंनी पुढच्या पायांपर्यंत रीडर फिरवायला सांगा.

गळपट्टा ओढ बसताच सुटणाऱ्या क्लिपचाच घ्या. साधा पट्टा फांदीत किंवा ग्रिलमध्ये अडकला तर फास बसतो. दोन बोटं आत जातील इतका सैल ठेवा आणि फोन नंबर पट्ट्यावरच लिहा, लोंबती पाटी पडून जाते.

परत आल्यावर

आधी पाणी, मग थोडं थोडं खाणं, दर तीन-चार तासांनी. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जरी उपाशी राहिलं तरी यकृतावर चरबी साठण्याचा धोका असतो. परतल्यावर खात नसेल तर डॉक्टरांकडे न्याच. अंगावर चावल्याच्या खुणा दिसल्या तर रेबीजच्या लशीची तारीख तपासा.

रस्त्यात दुसऱ्याचं मांजर सापडलं तर आमच्याकडे आणा. चिप तपासण्याचे पैसे आम्ही घेत नाही.