कडा करपा: भाताचीच साखर उघडून घेणारा जिवाणू

भाताच्या पानाची कड शेंड्याकडून नागमोडी पिवळी पडत खाली येते आणि मग वाळक्या गवतासारखी पांढुरकी होते, हा कडा करपा. पण पानं पिवळी पडायला इतरही निमित्तं असतात, म्हणून आधी खात्री करून घ्यावी. पिवळा आणि हिरवा भाग जिथे मिळतो तिथला बोटभर तुकडा कात्रीने कापायचा आणि काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरायचा. काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधाळ धागा खाली उतरू लागला, तर रोग जिवाणूचा. बुरशीच्या करप्यात असा धागा सुटत नाही.

हा जिवाणू म्हणजे झँथोमोनास ओरायझी. पानाच्या कडेला जी जलरंध्रं असतात, ज्यांतून पहाटे पाण्याचे थेंब बाहेर पडतात, तिथून किंवा जखमेतून तो आत शिरतो. म्हणून लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे छाटू नयेत. आत गेल्यावर तो पाणी वाहणाऱ्या काष्ठवाहिन्यांत मुक्काम ठोकतो, आणि वरून मारलेलं औषध तिथे फारसं पोचत नाही.

आता काष्ठवाहिनीत पाणी आणि क्षार भरपूर, साखर मात्र बेताची. तरीही जिवाणूंची संख्या कोट्यवधींवर जाते, ती भाताकडूनच साखर काढून घेऊन.

जिवाणूच्या ‘एचआरपी’ जनुकांपासून एक सूक्ष्म सुई तयार होते. तिच्यातून तो आपली प्रथिनं थेट भाताच्या पेशीत सोडतो. ही जनुकं मोडली, तर जिवाणू जिवंत राहतो पण रोग करू शकत नाही. सोडलेल्या प्रथिनांपैकी ‘टाल’ गटातली प्रथिनं पेशीकेंद्रात जाऊन भाताच्या डीएनएवर बसतात. जिवाणूच्या फिलिपिन्समधल्या एका बहुअभ्यासित प्रकारात अशा प्रथिनांची १९ जनुकं आहेत.

टाल प्रथिनात साधारण ३४ अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तुकड्यांत खरा फरक असतो तो १२व्या आणि १३व्या जागी, आणि ही जोडी डीएनएचं एक अक्षर ओळखते: हिस्टिडीन-अस्पार्टिक आम्ल असेल तर सी, अस्पराजिन-आयसोल्युसीन असेल तर ए, अस्पराजिन-ग्लायसीन असेल तर टी. म्हणजे तुकड्यांचा क्रम वाचला की प्रथिन कुठे बसणार हे सांगता येतं. ही लिपी दोन संशोधक गटांनी २००९ मध्ये उलगडली. जीवशास्त्रात इतका सरळ हिशेब क्वचितच हाती लागतो.

‘पीटीएच-एक्सओ-१’ हे टाल प्रथिन भाताच्या ‘स्वीट-११’ जनुकाच्या प्रवर्तकावर, म्हणजे जनुकाच्या आधीच्या बटणावर, बसतं आणि ते जनुक पानात जोरात चालू करतं. स्वीट-११ हे पेशीबाहेर साखर सोडणाऱ्या दाराचं जनुक. दार उघडलं की साखर बाहेर, आणि बाहेर जिवाणू बसलेलाच.

ज्याला प्रजननकार ‘एक्सए-१३’ प्रतिकार जनुक म्हणतात, ते याच स्वीट-११चं बदललेलं रूप. त्याच्या प्रवर्तकातली अक्षरं बदललेली असल्याने टालला बसायला जागा सापडत नाही. अख्खं जनुकच बंद केलं असतं तर? ते जमत नाही. स्वीट-११ परागकणांच्या वाढीला लागतं. शिवाय हा प्रतिकार अप्रभावी (रिसेसिव्ह) आहे, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच तो दिसतो. जनुकाची एक प्रत जरी जुनी राहिली तरी टालला ती पुरते, म्हणून संकरित वाणात हा गुण हवा तर तो दोन्ही पालकांत घालावा लागतो.

जिवाणूही हुशार. त्याच्या काही प्रकारांतलं ‘एव्हीआर-एक्सए-७’ हे टाल प्रथिन स्वीट-११ सोडून स्वीट-१४ उघडतं, तिथे एक्सए-१३ एकटं असेल तर हात टेकतं. म्हणून हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी आणि रेणू जीवशास्त्र केंद्र) आणि भात संशोधन संचालनालयाने सांबा मसुरी या भाताच्या वाणात एकदम तीन प्रतिकार जनुकं आणली. एक्सए-१३ प्रवर्तकाच्या पातळीवर अडवतं. एक्सए-५मध्ये जनुकं वाचणाऱ्या यंत्रणेतल्या एका प्रथिनाचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, त्यामुळे टालला तिथे नीट पकड मिळत नाही. तिसरं एक्सए-२१ हे आफ्रिकेतल्या एका रानटी भातातून आलेलं. ते पेशीच्या पृष्ठभागावर पहारा देतं आणि ‘रॅक्स-एक्स’ हे जिवाणूचं प्रथिन ओळखतं. कोवळ्या रोपात मात्र ते पुरतं जोर धरत नाही, म्हणून रोपवाटिकेची काळजी सुटत नाही.

एक्सए-५ आणि एक्सए-१३ अप्रभावी असल्याने रोप पाहून ती आली की नाही हे कळत नाही. चार वेळा सांबा मसुरीशी पुन्हा संकर करताना दरवेळी डीएनए मार्करने, म्हणजे जनुक आलं की नाही हे दाखवणाऱ्या डीएनएतल्या खुणेने, रोपं निवडावी लागली. सुधारित सांबा मसुरी २००८ मध्ये आली. यात जनुकीय बदलाचं तंत्र नाही. केवळ संकर आणि निवड.

पुढे २०१९ मध्ये जनुक संपादनाने स्वीट-११, १३ आणि १४ या तिन्हींचे प्रवर्तक एकाच रोपात बदलून दाखवले गेले. अशा रोपांची परीक्षा मात्र जुन्याच पद्धतीने होते: जिवाणूंच्या द्रावणात बुडवलेल्या कात्रीने पानाचा शेंडा छाटायचा आणि १४ दिवसांनी पट्टा किती सेंटिमीटर उतरला ते पट्टीने मोजायचं.